नोकरी संपण्याच्या तारखेचा रकाना

उमेळे, रविवार, सकाळची मिस्सा आटोपून

बाय लुसी,

तुला, फ्रान्सिसला नि पोरांना व्हिन्सेंटदादाचा आशीर्वाद.

इकडे देवाच्या दयेने आम्ही सगळी धडधाकट आहोत. तुम्हीही असाल असं धरून चालतो, नसता तर तू फोन केला असतास. फ्रान्सिसचा गुडघा कसा आहे? तुझी वहिनी प्रिस्का त्याला चोळायला तेल पाठवणार होती, पण हे पत्र जिच्या हाती येतंय ती मर्लिन (आपल्या खालच्या आळीतली, तुमच्या शेजारच्या शहरात नर्स आहे ती) म्हणाली की बाटली गळली तर सगळी बॅग वासाची होईल. सुक्या बोंबलाचं तर तिने नावही काढू दिलं नाही. ज्या पोरीला अंगणात बोंबील राखायला बसवायचो तिला आता वास येतो. असो. तेव्हा नुसतं पत्र घे. फोनवर का नाही बोललो म्हणशील. आमच्या घरात फोन जॅक्सन लावून देतो आणि बोलणं संपेपर्यंत शेजारी उभा राहतो, आणि हे त्याच्यासमोर बोलायचं नाही.

काम त्याच्या नोकरीचं आहे. तू तुझ्या चर्चच्या पायरीवर त्या दाढीवाल्या साहेबाला गाठून सांगितलंस की माझा भाचा शीतगृहाच्या मशिनी दुरुस्त करतो, हे चांगलं केलंस. जॅक्सनच्या हाताला गुण आहे ह्यात वाद नाही. (तुमच्या गावात सहा महिने दारातच बर्फ असतो असं तूच सांगतेस, तर तिथे थंड खोली दुरुस्त करायला उमेळ्याहून माणूस का लागतो हे मला अजून कळलेलं नाही. मी विचारलं तर सगळे हसतात आणि उत्तर कोणी देत नाही.) साहेबाने त्याची कॉम्प्युटरवर परीक्षा घेतली, पसंत केलं, नोकरी देतो म्हणाला. आमच्या काळी इथे गोष्ट संपली असती. माणूस सोमवारी डबा घेऊन कामावर गेला असता. पण हे कॅनडाचं प्रकरण, इथून पुढे कागद सुरू झाले.

कागदांचं सगळं आचोळ्याचा कौस्तुभ बघतो. आपल्या गावातल्या निम्म्या पोरांचे अर्ज त्यानेच भरले. पोरगा हुशार आहे, पण दर वाक्याला डोकं हलवतो, त्यामुळे काम झालं की बिघडलं ते कळत नाही. त्याने मला समजावलं ते असं. तुमच्या प्रांताच्या योजनेत नोकरी हातात असल्याशिवाय कायम राहण्याचा अर्जच होत नाही. आणि माणसाला कायम राहायचं तर नोकरीही कायमची पाहिजे. हंगामी नको, वर्षा-दोन वर्षांची नको. मालकाने आपल्या छापील कागदावर काम काय, तास किती, पगार काय, सगळं लिहून सही करून द्यायचं, खाली आपल्या माणसाने कबूल म्हणून सही करायची. ह्या महिनाअखेर ते सगळं जोडून द्यायचं. चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून, आणि तोपर्यंत जॅक्सनचा वाढदिवस येतो आणि त्याचे गुण कमी होतात. वय वाढलं म्हणून मार्क कापणारं सरकार मी पहिल्यांदा पाहिलं. माझे किती राहिले असतील विचारलं तर कौस्तुभने डोकं हलवलं.

त्याशिवाय जुन्या मालकाकडून अनुभवाचा दाखला पाहिजे होता. जॅक्सनने अर्नाळ्याला हरेश्वर मेहेरच्या बर्फाच्या कारखान्यात काम केलं, अजूनही करतो, तर हरेश्वरकडे मी स्वतः गेलो. त्याने दाखला लगेच लिहिला, अक्षरही बरं काढलं. मुलगा कामाला चोख, दारू पीत नाही, भर मासळीच्या दिवसांत मशिन बंद पडू दिली नाही, आणि शेवटची ओळ, ‘ह्याला सोडायची आमची मर्जी नाही.’ कौस्तुभ म्हणाला शेवटची ओळ काढून आणा. मी परत अर्नाळ्याला. हरेश्वर म्हणाला, “का काढू? खोटी हाय का? तुला तरी सोडायचाय का त्याला, सांग ना.” मी म्हटलं, माझ्या मर्जीचा दाखला कोणी मागितलेला नाही. त्याने ओळ खोडली, नवीन कागदावर उतरवून दिलं, आणि चहाही विचारला नाही. तू त्याला ओळखतेस, लहानपणापासून असाच आखडू आहे.

आता मूळ गोष्ट. साहेबाचं नोकरीचं पत्र कॉम्प्युटरवर आलं, कौस्तुभने छापून दिलं, जॅक्सनने सकाळी देवासमोर बसून सही केली. (प्रिस्काने मेणबत्ती लावली होती. मला हे थेर आवडत नाही, पण बायकांपुढे बोलायचं नाही.) त्याला अर्नाळ्याला मशिनीवर जायचं होतं म्हणून तो म्हणाला, “बाबा, एवढं कौस्तुभकडे नेऊन द्या, तो स्कॅन करून पुढे पाठवील. काही करायचं नाहीये. फक्त द्यायचं.” मी कागद पिशवीत घातला आणि निघालो. बसला उशीर होता म्हणून स्टॉपवर बसून काढून बघितला. इंग्रजी मला जमतं तेवढं जमतं, सातवीपर्यंतचं. तर कागदात पाहतो तो जागोजागी रिकामे रकाने.

लुसी, तू आपल्या घरची आहेस, तुला सांगायला नको. बेंजामिनकाकाची वाडी आठव. बिल्डरने करारात सगळं लिहिलं होतं, किती मजले, कुठल्या दिशेला गॅलरी, फरशी कसली. ताबा कधी देणार त्याची तारीख तेवढी रिकामी होती. काका म्हणाला, भला माणूस आहे, भरील नंतर. नारळ गेले, केळी गेली, पाण्याचं बावखल बुजवलं, इमारत उभी राहिली, माणसं राहायला आली, आणि काका भाड्याच्या खोलीत मेला. कोर्टात वकील म्हणाला, तारीखच नाही तर उशीर कसला? तेव्हापासून आपल्या आळीचा नियम आहे की रिकामा रकाना घराबाहेर जाऊ द्यायचा नाही. भरा, नाहीतर आडवी रेघ मारा. बँकेतली बाई आम्हाला बघून तोंड वाकडं करते. प्रिस्का तर चर्चच्या सणात सोडतीच्या कुपनावरही ‘इतर’ ह्या शब्दापुढे ‘काही नाही’ लिहून येते. तर असल्या घरातला माणूस मी, माझ्या एकुलत्या मुलाचा कागद हातात, आणि त्यात भोकं. मी काय करणार होतो?

पेन काढलं. वरिष्ठाचं नाव रिकामं होतं, तिथे लिहिलं, लुसी, आत्या. (तिकडे त्याला तुझ्याशिवाय वरिष्ठ कोण आहे?) कामगार संघटना, तिथे आपलं उमेळ्याचं क्रीडा मंडळ घातलं, तो खजिनदार होता एक वर्ष. दोन-तीन ठिकाणी काही कळेना, तिथे नियमाप्रमाणे रेघ मारली. आणि एक रकाना होता, नोकरी संपण्याची तारीख. तो पण रिकामा. बेंजामिनकाकाच्या कागदावर होता तसाच, नुसता पांढरा. तिथे मी लिहिलं, चोवीस डिसेंबर, पुढच्या वर्षीचा. नाताळच्या आदल्या दिवशी माणूस कुठल्याही कामावरून सुटतो. बस आली, आचोळ्याला गेलो. कौस्तुभ फोनवर कोणाला तरी समजावत होता, त्याने न बघता कागद मशिनीत घातला, साहेबाला पाठवला आणि डोकं हलवलं.

साहेबाचं उत्तर परवा आलं. आम्ही जेवायला बसलो होतो, जॅक्सनने मोबाईलवर वाचलं आणि आम्हाला मराठीत सांगितलं. साहेब म्हणतो, आम्ही तुला कायमची नोकरी दिली होती, तू तारीख घालून ती तोडलीस, आम्हाला राहणारा माणूस पाहिजे, विचार बदलला असेल तर सरळ सांग, दुसरा एक जण रांगेत आहे. आणि ही लुसी कोण? (पायरीवर तू त्याला नाव सांगितलं नव्हतंस वाटतं.) प्रिस्काला इथे हसू फुटलं, तिला भलत्या वेळी फुटतं. जॅक्सनने मोबाईल माझ्यासमोर धरला.

“बाबा, हे तुमचं अक्षर आहे.”

“माझंच आहे. तुझं असतं तर साहेबाला वाचता तरी आलं असतं का?”

 मला वाटलं होतं ओरडेल. ओरडला असता तर मीही ओरडलो असतो आणि प्रकरण मिटलं असतं. पण तो ताट तसंच ठेवून उठला आणि मागच्या दारी जाऊन शेजाऱ्याचा जुना फ्रीज उघडून बसला. फ्रीजला काही झालेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी कौस्तुभकडे गेलो. तो म्हणाला, “काका, तो रकाना रिकामाच ठेवायचा असतो. रिकामा म्हणजेच कायम.” मी म्हटलं, आमच्याकडे रिकामा म्हणजे गेला. त्याने ह्यावेळी डोकं हलवलं नाही.

तेव्हा काम एवढंच. तू त्या साहेबाकडे जा. रडू नकोस, लांबण लावू नकोस, बेंजामिनकाकापासून सुरुवात करू नकोस. सरळ सांग की मुलाचा दोष नाही, मुलगा राहणारा आहे, तारीख घातली ती त्याच्या म्हाताऱ्या बापाने. बाप अडाणी आहे म्हणालीस तरी चालेल, मी तिथे ऐकायला नाही. नवीन कागद महिनाअखेरच्या आत मिळायला पाहिजे. न मिळाला तर जॅक्सन मला काही बोलणार नाही, आणि तेच मला नको आहे. तो न बोलता जन्म काढू शकतो, आईवर गेलाय. आणि साहेबाला हेही सांग की लुसी कोण विचारलंस ते बरं केलंस, ती ही मी.

बाकी इकडचं काय सांगू? तुळिंजकडे इतकी बांधकामं झाली आहेत की मी परवा रस्ता चुकलो आणि मुलाखत दिल्यासारखा तीन वॉचमनना उत्तरं देत बाहेर पडलो. आपल्या मागच्या दोन चिंचा अजून उभ्या आहेत. बिल्डर येतो, मी विचारतो कागदात रिकामं किती, तो जातो.

पोरांना मराठी बोलायला लाव. फ्रान्सिसला सांग जिने कमी चढ. थांबतो, मर्लिन दारात उभी आहे असं प्रिस्का दोनदा सांगून गेली.

तुझा,
व्हिन्सेंटदादा

ता. क. : मर्लिन आली नव्हती, प्रिस्काची घाई होती. मर्लिन मंगळवारी जाणार. मधल्या वेळात नवीन कागद आलासुद्धा. जॅक्सनने साहेबाला उत्तर आलं त्याच रात्री स्वतः फोन करून सगळं सांगितलं होतं, मला काही न बोलता. साहेब हसला म्हणे, आणि स्वतःचा बाप पण असाच होता म्हणाला. तेव्हा साहेबाकडे जाऊ नकोस. वरचं सगळं वाचलं नाहीस तरी चालेल, पण चार पानं लिहून झालीत, ती मी फाडणार नाही.

ता. क. दुसरा : नवीन कागदावर तो रकाना रिकामाच आहे. ह्यावेळी जॅक्सन स्वतः आचोळ्याला गेला. मी हात लावला नाही. (प्रिस्काने घरातली पेनं उचलून ठेवली होती, हे पत्र मी पेन्सिलने पुरं करतोय, पण हात लावला नाही हे खरं.) आणखी एक सांगतो, हे फक्त तुला. कौस्तुभ म्हणाला, काका, तिथेही नुसती रेघ मारली असती तरी चाललं असतं. मला ते ठाऊक होतं. बाकीच्या रकान्यांत रेघ मारलीच होती की. ह्या एकात मारवली नाही.

ता. क. तिसरा : म्हणून खरं काम आता लिहितो. आई गेली तेव्हा तू आलीस, ती शेवटची. मी कधी बोललो नाही, तुझे व्याप असतात. पण आपल्या घरातून तिकडे गेलेलं, जॅक्सनने पाहिलेलं माणूस म्हणजे तू, आणि तू येत नाहीस. प्रिस्का त्याच्या बॅगेसाठी कपडे काढतेय आणि परत ठेवतेय. त्याचा व्हिसा यायला वेळ आहे, ह्या नाताळला तो इथेच असेल. तेव्हा तू ये. तिकडून घरचं माणूस परत येतं हे त्याला नि त्याच्या आईला एकदा दिसू दे. परतीचं तिकीट काढूनच ये, त्यावर मी काही लिहिणार नाही.