दुसऱ्या नावाचा कॉलम

२० नोव्हेंबर १९६१, सोमवार
साहेबांनी आज मला केबिनमध्ये बोलावलं. राज्य आपलं झालं, कारभार आता मराठीत. पण इंग्रजी फाइलींची यादी वेगळी, मराठीची वेगळी, आणि एकाच कामाला दोन्हीकडे दोन नावं. तेव्हा रजिस्टरात एक नवा कॉलम काढायचा. 'इकडे जे अमुक, तेच तिकडे तमुक' एवढंच सांगणारा. त्या कॉलमच्या डोक्यावर कोणता शब्द घालायचा, तो मी शोधायचा. 'उर्फ' नको. उर्फ म्हटलं की साहेबांना दरोडेखोर आठवतो.

परवा देतो म्हणालो. नाव देण्यात माझा हात कोण धरणार?

सुलोचना दिवाळीला माहेरी अकोल्याला गेली, ती अजून तिथंच. अशक्तपणा असेल. गुरुवारपर्यंत येईल. तोवर संकल्प : पहाटे उठणे, व्यायाम, चारनंतर चहा बंद.

२२ नोव्हेंबर
व्यायाम उद्यापासून. थंडी फार आहे. शब्द तयार : समनामक, द्विनामी, नामसेतू. हेडक्लार्क खुशालरावांना दाखवले. नामसेतू वाचून म्हणाले, "हे काय पुलाचं टेंडर आहे काय बापा?" माणूस जुना. चहा चारनंतर प्यायलो, पण मागवला चारच्या आधी होता.

२३ नोव्हेंबर, गुरुवार
सुलोचना आली नाही. शनिवारी गाडीला गर्दी कमी असते, तेव्हा येईल.

आली की एक काम तडीस न्यायचं. तिला ऐकू कमी येतं. सुलोचना म्हणून हाक मारली की चुलीपुढून हलत नाही. दोनदा, तीनदा मारावी लागते, मग दचकून बघते. लग्न झाल्यापासून हेच. नागपूरचे कानाचे डॉक्टर मंगळवारी इथं येतात, त्यांची २६ डिसेंबरची वेळ घेऊन ठेवली.

वाईट याचं वाटतं की लग्नात हे नाव मी स्वतः अंगठीनं तांदळात लिहिलं. माहेरचं नाव मनकर्णा. क्लार्कच्या बायकोला ते शोभत नाही. सुलोचना सुचायला मला महिना लागला होता, आणि नेमकं तेच तिला ऐकू येऊ नये.

२९ नोव्हेंबर
भातकुलीकडची एक विहीर इंग्रजी यादीत एका नावानं, मराठीत दुसऱ्या. दोन्ही नावांनी दुरुस्ती मंजूर झाली. आता आमचंच ऑफिस गावाला विचारतं आहे, दुसरी विहीर कुठं गेली. असा माझ्या शब्दाचा उपयोग. खुशालराव म्हणाले, "सूर्यभानजी, नवं नाव द्या, नाही कोन म्हनते? पन लोकं जुन्याच नावानं पानी भरतीन, तेवढं ध्यानात ठेवा." त्यांना मुद्दा कळलेला नाही.

शनिवारी सुलोचना आली नव्हती, हे लिहायचं राहिलं.

३ डिसेंबर, रविवार
सासरे नत्थुजी आले. मी स्वतः चहा केला. त्यांनी अर्धा ठेवला. म्हणाले, पोरगी शाळेत लागली, मुलींना शिकवून राहिली, खुशीत आहे. मी म्हणालो, हवापालट बरा. ते म्हणाले, "जावईबुवा, ते येत नाही म्हनते." मी म्हणालो, थंडी ओसरू द्या. उठताना त्यांनी विचारलं, "तुमी तिले घरी काय म्हनून बोलावता?" सुलोचना, मी म्हणालो, दुसरं काय म्हणणार? त्यांनी टोपी घातली आणि गेले.

शाळेचं काम बहुधा बदलीचं असावं. असल्या नोकऱ्या संक्रांतीपर्यंत संपतात.

१२ डिसेंबर
शब्द सापडला. 'समाभिधानसंकेत'. अंगावर काटा आला. ऑफिसात कुणालाच एका दमात म्हणता येत नाही, म्हणजे वजनदार आहे. अडचण एकच, कॉलम अरुंद. शब्द तीन ओळींत मोडतो आणि खालच्या रेघेवर बसतो. कॉलम रुंद करावा, असं टिपण साहेबांना दिलं.

घर फार शांत आहे. रेडिओ घ्यावा का?

२१ डिसेंबर
साहेबांनी माझं टिपण न वाचता कॉलमवर लाल पेन्सिलीनं लिहिलं : 'दुसरे नाव'. एवढंच. खुशालराव म्हणाले, "आता लोकायले समजन." मी हसलो. घरी येऊन जेवलो नाही.

परवा अकोल्याला जातो. सुलोचनेला घेऊनच येईन. बाई माणसाला नवऱ्यानं स्वतः न्यायला यावं असं वाटतं, एवढीच गोष्ट असणार. जांभळी साडी घेतली.

२३ डिसेंबर, शनिवार. अकोला स्टेशन
बडनेऱ्याकडची गाडी लेट आहे, म्हणून लिहितो.

शाळेत गेलो. हेडबाईंना म्हणालो, सुलोचनाबाईंना भेटायचं आहे. "इथं कोनी सुलोचनाबाई नाही," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, नीट पाहा, ती माझी पत्नी आहे. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. मला ते जुनं नाव घ्यावं लागलं.

त्या व्हरांड्यात आल्या. मुलींचे पाढे मोठ्यानं चालले होते. ती पार दुसऱ्या टोकाला, पाठमोरी. हेडबाई अगदी हळू म्हणाल्या, "मनकर्णाबाई."

ती लगेच वळली. पहिल्या हाकेला.

निंबाखाली बोललो. मी विचारलं, काय कमी होतं? ती म्हणाली, "कमी काही नवतं. तुमची सुलोचना मी लय करून पाह्यली. नाही जमली मले." माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, 'मला' म्हणावं. ती हसली. रागावली असती तर बरं झालं असतं. मग विचारलं, "जेवले का तुमी?" जेवलो म्हणालो. साडी दिली, तिनं घेतली नाही. घंटा झाली आणि ती वर्गात गेली.

मला फार रडू येतं आहे. समोरच्या बाकावर एक कुटुंब बसलं आहे, म्हणून लिहीत राहिलो.

२६ डिसेंबर, मंगळवार
नवा कॉलम सुरू झाला. सकाळभर त्यात नावं भरली. चहा दोनदा, चारनंतर.

संध्याकाळी घरात मोठ्यानं 'मनकर्णा' म्हणून पाहिलं. लग्नापासून या घरात पहिल्यांदा. सोपं आहे नाव.

कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतलेली होतीच. जाऊन आलो. पेशंट कुठं आहे, विचारलं. मी माझेच कान पुढे केले. त्यांनी दोन्हीत बॅटरी मारून बघितलं. म्हणाले, काही दोष नाही, तुम्हाला सगळं ऐकू येतं.

दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला हवं.