त्या तारखेला हजर कोण होतं

३ मार्च
आज सांगून टाकलं! वकीलबाई म्हणत होत्या, दादाच्या अपिलात दम नाही. झाडूवाली बाई टेम्पोखाली गेली ती दुकानदाराने पाहिली, आणि भर कोर्टात बोट दाखवलं — "हाच चालवत होता." त्या एका बोटावर दादाला पाच वर्षं.
म्हटलं, बाई, त्या दिवशी पिंजऱ्यात दादा नव्हता. मी होतो.
त्यांनी चष्माच काढला. "म्हणजे?"
म्हणजे काय! दादा तापाने फणफणलेला. तारीख चुकली तर जामीन जाईल म्हणून वहिनी रडकुंडीला आलेली. आम्हा दोघांचे नाकडोळे एकाच साच्यातले. पुकारा झाला, मी "हजर" म्हटलं. आमचा वकीलही त्या दिवशी बदलीचा. तो काय ओळखणार!

४ मार्च
बाईंनी नीट समजावलं. आरोपीच्या माघारी साक्ष झाली म्हणजे खटला धड चाललाच नाही. कोर्टाला पटलं तर शिक्षा रद्द. निर्दोष सुटला तर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा उभं करता येत नाही. पण "पहिल्यापासून चालवा" म्हणाले, तर सगळं परत. "आणि खोटी हजेरी तुमच्या अंगाशी येईल हं!" येऊ दे.
परतताना एक जण सायकलवर मोठा आरसा घेऊन चाललेला. आरशात अख्खं आभाळ! बराच वेळ त्याच्या मागे गेलो. कशाला, कोण जाणे.

९ मार्च
तुरुंगात भेट. दादाचे केस पिकलेत. जाळीपलीकडून म्हणाला, "काय भटकेराव, हल्ली मुक्काम कुठं?" बाईंनी करून घेतलेल्या प्रतिज्ञापत्राचं सांगितलं आणि त्याचं हसू गेलंच. "गाढवा, तोंड बंद ठेव. दोन वर्षं काढली, उरलेली काढीन. तू फक्त एका जागी थांब. पोरीला सायकल शिकव."

१० मार्च
लिहवत नाही.

२२ मार्च
अपिलाची सुनावणी. माझं प्रतिज्ञापत्र वाचलं. न्यायाधीशांनी दादालाच विचारलं — साक्षीच्या दिवशी तुम्ही हजर होता का? बाई हळूच म्हणाल्या, "खरं सांगा." दादाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "होतो, साहेब. धाकटा आहे. माझ्यावर जीव आहे त्याचा, म्हणून काहीबाही लिहितो."
अपील फेटाळलं.
वहिनी बाहेरच्या बाकावरून उठेचना. पोरगी विचारते, "बाबा कुठल्या दाराने येणार?" बाई माझ्यावर वैतागल्या — "हातातली सुटका कोण अशी घालवतं हो?" मी बुटाची नाडी बांधत बसलो. सुटली नव्हती.

२३ मार्च
दुकानदार चुकला नव्हता. टेम्पो मी चालवत होतो. दादा शेजारी होता. "उतर. पळ," म्हणाला, आणि सरकून माझ्या जागेवर बसला.