भाकरीच्या वहीतले सोमवार

।। श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ।।

सोलापूर, सोमवार, उपास सुटल्यावर

ती. गौरक्कास धाकट्या दाक्षायणीचा नमस्कार. तुझे गुडघे जिना चढतात का, की अजून भावजींनाच वरून हाका मारतेस? माझी तब्येत बरी आहे. मन बरं नव्हतं, त्याला कारण हे.

नेव्हीतून येऊन ह्यांना बावीस वर्षं झाली, तरी दर सव्वीस जानेवारीला गल्लीतली पोरं ह्यांच्या तोफेची गोष्ट ऐकायला जमतात. (मला संशय जुनाच. यंदा एकानं तोफेचा गोळा केवढा असतो विचारलं, तर हे म्हणाले, परातभर कणकेएवढा.) त्यात दिवाळीपासून दर सोमवारी नऊला बाहेर. कुठं, तर पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला. अगं, माणूस दर आठवड्याला जिवंत असल्याचं सांगत हिंडतो का? परत येताना नखं पिवळी, शर्टाला फोडणीचा वास. आणि मी भाकऱ्या वहीत मांडते हे तुला ठाऊक आहे (पीठ वाया जायला नको). एरवी रात्री चार, सोमवारी दीड. म्हणजे कुणीतरी ह्यांना पोटभर जेवायला घालत होतं. कोण, ह्या विचारानं माझं जपात लक्ष लागेना.

आज उपाशीपोटीच मागोमाग चालत गेले. हे बाजारामागच्या मठात शिरले. तिथं सोमवारी दासोह असतो, दोन-तीनशे पान उठतं. माझा उपास, म्हणून मी त्या दिवशी तिकडं फिरकत नाही, हे ओळखूनच ह्यांनी वार धरला असणार. मागच्या चुलीवर बघते तर हे, डोक्याला पांढरा रुमाल, हातात वल्ह्याएवढा डाव. काशम्मा म्हणून म्हातारी मीठ विचारत होती आणि हे न चाखता, नुसत्या वासावर सांगत होते.

मी म्हटलं, "ही तोफ व्हय?"

डाव खाली न ठेवता हे म्हणाले, "तोफ पंधरा वर्षांत दोनदा उडाली. हे रोज दोनदा करत होतो. तुझे अप्पा मला बघायला आले तेव्हा त्यांनी विचारलं, तोफेवर का? मी मान हलवली. मग खाली उतरायला जमलंच न्हाय."

काशम्मानं मला पाट दिला. प्रसाद नाकारू नये म्हणून वाटीभर आमटी घेतली. आमटीबद्दल मी काही लिहीत नाही. रागावलेही नाही. बोटीवरच्या तीनशे माणसांना जेवू घालणं हेही पुण्यच, असं म्हणून घरी आले.

भावजींना नमस्कार.

तुझी,
दाक्षायणी

ता. क. एवढा वासावर मीठ ओळखणारा माणूस एकतीस वर्षं माझी आमटी खातो आहे आणि कधी बरी म्हणाला नाही, वाईटही म्हणाला नाही. तू माझ्याकडं जेवतेस तेव्हा आमटीत ताक ओतून घेतेस. ते का? खरं लिही. पत्र त्याचसाठी आहे.

ता. क. दुसरा : आत्ता हे जेवून उठले. वही बघितली. आज दीडसुद्धा नाही, अर्धी.