बिनसाखरेचा चहा

५ जुलै, शनि.
सरांकडे गेले. त्यांची दृष्टी गेल्यापासून सहा वर्षं दर शनिवारी मीच त्यांना वाचून दाखवते. आज खुर्चीत आधीच कुणीतरी. शालन. सरांच्या शेजारी ब्लाऊज शिवते ती. दुपारी मोकळी असते म्हणून सरांनी बोलावलं म्हणे. बोट ठेवून वाचत होती, अडखळत. पाणी नाही, ‘पानी’. मी शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं. कोपऱ्यात बसून ऐकलं.
सर हसत होते. माझ्या वाचनाला हसल्याचं आठवत नाही.

१२ जुलै, शनि.
आज मी वाचलं. स्वच्छ, एकही चूक नाही. सर म्हणाले, “छान. उरलेलं शालन वाचेल.”
बेलापूरच्या स्टँडपर्यंत चालत आले. रिक्षा केली नाही. राग जिरवायला.

१९ जुलै, शनि.
हे लिहून ठेवायलाच हवं.
कादंबरीतली मुलगी वीस वर्षांनी बापाच्या दारात येते. बाप विचारतो, “कोण आपण?” मग तिला चहा करून देतो. प्रकरण संपतं. बापाचा स्मृतिभ्रंश, असं मी वर्गात वर्षानुवर्षं सांगत आले.
शालन वाचता वाचता थांबली. “सर, त्यानं वळखलंय तिला.”
“कशावरून?”
“चहा बिनसाखरेचा दिलाय. तिनं कुठं सांगितलं हुतं? ल्हानपनापासून तसाच पीत आसंल ती.”
 सरांनी डोळे पुसले.
चार वेळा वाचली मी ती कादंबरी. किती मुलांच्या वह्यांत चुकीचं उत्तर...
आणि मी काय बोलले? “शालन, ल्हान नाही, लहान. आणि न नाही, ण. लहानपणापासून. वाचणाऱ्याला एवढं तरी यायला हवं.”
तिने पुस्तक मिटलं. सावकाश. सरांच्या हातात दिलं.

२६ जुलै, शनि.
शालन आली नाही. सरांनी विचारलं. “शिवण जास्त असेल,” मी म्हणाले. सरांशी पहिल्यांदा खोटं.
वाचताना मुद्दाम दोनदा थांबले, विचारात पडल्यासारखी. सर म्हणाले, “पुढे वाचा.”
निघताना धीर करून विचारलं, माझं काय कमी पडतं? सर म्हणाले, “बाई, तुम्हाला सगळं आधीच माहीत असतं. तिला नसतं. ती माझ्यासोबत असते.”

१ ऑग., शुक्र.
शालनच्या घरी गेले. मशीनवर होती. उठली, पाणी दिलं. “माझं चुकलं,” म्हणाले.
“न्हाई बाई, चुकतंच की माझं. तुमी बरोबर सांगितलं.”
भांडली असती तर सोपं गेलं असतं.
उद्या ये, म्हटलं. “बगू.” सुईत दोरा ओवत राहिली. मी चपला घालत होते तर मागून, “बाई, त्या पोरीला कळलं का वो, बापानं वळखल्यालं?”
मला आठवेना. कळलं असं लिहिलंय की नाही, मी कधी पाहिलंच नव्हतं.
“उद्या वाचून बघू,” म्हणाले.
 मशीन पुन्हा सुरू झालं.
ती यायला हवी. सरांसाठी. खरं सांगायचं तर मलाही ऐकायचंय.
पण उद्या खुर्ची रिकामी असली तर मला वाईटच वाटेल, असं छातीवर हात ठेवून म्हणवत नाही.