छत्रीच्या लव्हाळ्याचं चित्र

३ मार्च
झालं एकदाचं आईच्या डोळ्याचं ऑपरेशन! दुसरा डोळा केव्हाच गेलेला, सारी भिस्त याच्यावर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पट्टी काढल्यावरच कळेल." आई म्हणाली, "तोवर मी काय भिंतीशी गप्पा मारू?" जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलेली बाई — भूल उतरली तशी आधी जीभ जागी झाली.

४ मार्च
आई घरी आली. मीही कामाला लागले. बाहेरून आलेला एक लव्हाळा तळ्यात माजलाय. लोकांनी ओळखून उपटावा म्हणून तळ्याच्या कचेरीला फलकावर मोठं चित्र हवंय. चिखलात उतरून एक गड्डा उपटून आणला. उंच काड्या, टोकाला पानांची उघडी छत्री — देखणी आहे मेली!

एक काडी आईच्या हातात दिली. बोटं सावकाश खालून वर गेली.

"खाली गोल लागते ना? फसू नकोस. छत्रीजवळ बघ — तीन कडा. पेरं नाहीत. आतून पोकळ नाही. गवत नव्हे हे! खरी पानं तर खाली नुसत्या खोळी होऊन काडीला चिकटलीत. पाहुणी आहे ही. कुणीतरी शोभेला कुंडीत आणली असणार."

मी पुस्तकात दहादा बघून काढते. तेही चष्मा लावून.

६ मार्च
आईनं विचारलं, "खोलीत दिवा लावलायस का गं?"
भर दुपार होती. हो म्हटलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासली.

१३ मार्च
काय हा गाढवपणा! बी पसरू नये म्हणून उरलेल्या छत्र्या छाटल्या होत्या, अन् ताज्या राहाव्यात म्हणून बादलीत उलट्या बुडवून ठेवल्या होत्या. आज बघते तर प्रत्येकीच्या मधोमध हिरवे कोंब, खाली पांढरी मुळं!

आईला सांगितलं. "अगं बये! तळं साफ करायला निघालीस आणि घरात रोपवाटिका काढलीस? हिचं बियांवाचून अडत नाही. छत्री पाण्यात वाकली की तिथंच बाळंतपण!"

हसत सुटली. "पुरे, डोळ्यावर ताण येईल," म्हणता म्हणता मीही हसत सुटले. किती दिवसांनी! रोपं उन्हात वाळत टाकली. जिवावर आलं.

१४ मार्च
चित्र पुरं. उद्या पट्टी निघणार. दवाखान्यातून तसंच तळ्याच्या कचेरीत द्यायचं, म्हणून बरोबर नेतेय.
आई आज भांडत नाहीये. एवढंच नको वाटतं.

१५ मार्च
पट्टी काढून डॉक्टरीणबाईंनी समोर बोटं धरली. "आजी, किती?" आई बोटं सोडून माझ्या मांडीवरच्या चित्राकडे वळली.
"फुलोरा एवढा पिवळा? हळद सांडली की काय? फिका तपकिरी असतो तो! परत रंगव."
रंगवते गं आई. शंभरदा रंगवते!