आजोबांची हरकत

बाबा, सगळं बदललं ते मागच्या रविवारी, माझ्या मैत्रिणीचे आजोबा "माझी कसली हरकत?" असं म्हणाले त्या क्षणी. खरं तर मी नाचायला हवं होतं. पण आधीचं सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, पोरगा नेहमीसारखा मधूनच सुरू झाला.

इथे रीडिंग गावच्या कौन्सिलमध्ये आपण ब्रिटिश सिटिझन झालो तो दिवस आठवतो? मी दहा वर्षांचा. तुम्ही ऑफिसचा सूट घातलेला, आई पैठणीत, समोर राणीचा फोटो. आरतीला उभं राहावं तसे ताठ उभे राहून तुम्ही राणीशी आणि तिच्या वारसांशी निष्ठेची शपथ घेतलीत. घरी आल्यावर तुम्ही बाह्या सरसावून कांदा चिरताय आणि मी ओट्याला टेकून तुमचं डोकं खातोय. "पार्लमेंटने पास केलेल्या कायद्याला राणी नाही म्हणाली तर?" "म्हणत नाही." "पण म्हणू शकते?" "कागदावर शकते. कित्येक पिढ्यांत कुणी म्हटलेलं नाही." "मग विचारतात कशाला?" तुम्ही सुरी खाली ठेवलीत. "तुला प्रत्येक गोष्टीत काळंबेरं दिसतं. उगाच शंका काढत बसू नकोस. विचारायचं असेल तर सरळ विचारावं माणसाने."

तुम्ही गेल्यावरही माझी सवय गेली नाही. साउथहॅम्प्टनला पॉलिटिक्स शिकायला गेलो, तिथेही तेच. पंतप्रधान दर आठवड्याला राजाला भेटतात आणि तिथलं बोलणं कुणी लिहून ठेवत नाही. राजाच्या स्वतःच्या हक्कांना धक्का लागणारं बिल असेल, तर ते पास व्हायच्या आधीच राजवाड्याची संमती घ्यावी लागते. मी सेमिनारमध्ये म्हटलं, हा माणूस नाही म्हणत नाही, कारण नाही म्हणावं असं काही त्याच्यासमोर येऊच देत नाहीत. ट्यूटर हसले. मी भडकलो, आणि सेकंड इयरला कॉलेज सोडलं. आई अजून विचारते, कुणी हसलं म्हणून डिग्री सोडतात का? सोडतात. आता बेसिंगस्टोकला एका वेअरहाउसमध्ये पॅलेट हलवतो.

ती मला कॉलेजातच भेटली. तीही रीडिंगची, आपलीच. दोन वर्षं मी तिच्यापायी वेडा झालोय. लग्नाचं काढलं की म्हणायची, "आजोबांना विचारावं लागेल रे." मी म्हणायचो, मग विचार ना. "योग्य वेळ आली की." आणि वर, "तसे ते कुणालाच नाही म्हणत नाहीत." इथेच माझं डोकं फिरलं. त्यांच्याकडे रविवारी सगळे जमतात. काकांची नवी गाडी, आत्याच्या घराचं एक्स्टेन्शन, सगळं आजोबांच्या कानावर घालतात आणि ते मान डोलवतात. पण त्याआधी ते किचनमध्ये ठरलेलं असतं. तिच्या चुलतभावाला एका गोऱ्या मुलीबरोबर ब्रिस्टलला राहायला जायचं होतं, ते आजोबांपर्यंत गेलंच नाही. तो गुपचूप निघून गेला. म्हणजे बघा, त्यांना पटणार नाही ते बाहेरच अडतं, आणि त्यातच मीही अडलेला. खुर्चीत बसून गोड हसणाऱ्या त्या म्हाताऱ्याचा मला इतका राग यायला लागला की रात्री त्यांच्याशी मनातल्या मनात भांडायचो.

मागच्या रविवारी काकांच्या वाढदिवसाला मला 'मित्र' म्हणून बोलावलं होतं. मी सरळ विचारलं, तुम्ही सांगितलं होतंत तसं. "आजोबा, मला तुमच्या नातीशी लग्न करायचंय. तुमची हरकत आहे का?" काकू समोशांची डिश घेऊन दारातच थबकल्या. आजोबांनी चष्मा लावून मला न्याहाळलं. "तू तो कॉलेज सोडलेला?" "हो." "भांडकुदळ?" "हो." काका फिसकन हसले. "माझी कसली हरकत?" आजोबा म्हणाले. "मला कुणी कधी खरं विचारलंय का? सगळं ठरवून आणतात, मी हो म्हणतो. ब्रिस्टलचंही माहितेय मला. फोन करतो मी त्याला." मग ते तिच्याकडे वळले. "काय गं, तुला करायचंय का याच्याशी लग्न?"

ती माझ्याकडे बघत नाही. आजोबांकडे बघते, आणि असं चिडलेलं मी तिला कधी पाहिलेलं नाही. "आजोबा, तुम्ही हो कशाला म्हणालात? निदान विचार करून सांगतो म्हणायचं ना!"

बाबा, मी दोन वर्षं खुर्चीवर संशय घेत होतो. खुर्चीच्या मागे कोण उभं आहे ते बघितलंच नाही. इथलं सरकारही सगळं राजाच्या नावाने करतं, आणि राजा बिचारा तोंड उघडत नाही म्हणून सगळ्यांचं निभतं. त्या दिवशी एकाने तोंड उघडलं. आजोबा गोंधळून म्हणत होते, "अगं, मला आधी सांगायचंस तरी." त्यांची कीव आली मला, आणि तिची त्याहून जास्त. नाही म्हणायची तिला एवढी भीती का वाटावी? माझी वाटत होती का?

हे पत्र आईला दाखवणार नाही, आणि जिच्याबद्दल आहे तिला पाठवायचा तर प्रश्नच नाही. तुमच्यापुरतं एक सांगतो. हॉलमध्ये शूज घालताना मी मुद्दाम वेळ काढला. बांधलेली लेस सोडून पुन्हा बांधली, तिने मागून येऊन काहीतरी बोलावं म्हणून. शिवी दिली असती तरी चाललं असतं. कुणी आलं नाही. मग मी बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.