तुर्कांच्या बाजूची खुर्ची

मी, बोरोश वेंडेल, वय चौपन्न, धंदा पंपदुरुस्ती, शाळा आठवीपर्यंत आणि पुढचं शिक्षण माझं मी केलेलं, राहणार मोहाच, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. येत्या मंगळवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डोक्याला कोणी हात लावणार नाही, ते जागेवर आहे. तेव्हा ‘त्याला काही कळत नव्हतं’ असं पुढे कोणी म्हणू नये.

कलम पहिले. राहतं घर, मागच्या द्राक्षवेली व बँकेतली शिल्लक पत्नी पिरोश्का हिला. उत्तरेकडची पन्हळ तीन वर्षं गळते आहे. लोकांचे पंप दुरुस्त करणाऱ्याच्या घरी गळती असायचीच. तिने चांगला माणूस बोलवावा.

कलम दुसरे. सर्व हत्यारं व लेथ मुलगी एमेशे हिला. लेथचा पट्टा ढिला वाटतो, पण ढिला नाही. कोणा शहाण्याने तो ताणू नये.

कलम तिसरे. फेब्रुवारीच्या मिरवणुकीतला माझा शिंगांचा लाकडी मुखवटा, जुन्या लढाया टेबलावर खेळणाऱ्या आमच्या युद्धमंडळाला. असे मुखवटे घालून आपल्या पूर्वजांनी तुर्कांना पळवलं, ही गोष्ट मुलांना खुशाल सांगा. तिला इतिहास म्हणू नका.

कलम चौथे. १५२६ साली तुर्कांच्या सुलतानाने आम्हाला इथे हरवलं, त्या मोहाचच्या लढाईचं टेबल, मी ओतलेल्या कथिलाच्या शिपायांसह. वीस माणसांमागे एक शिपाई: आमचे साडेबाराशे, सुलतानाचे तीन हजार. आकड्यांबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. माझी कारणं निळ्या वहीत आहेत.

दरवर्षी एकोणतीस ऑगस्टला मंडळ ही लढाई फासे टाकून खेळतं. बावीस वर्षांत तुर्कांच्या बाजूला बसायला दुसरा एकही मोहाचकर तयार झाला नाही. चिठ्ठ्या टाकल्या तर चिठ्ठ्या बदलतात. बसलो तो मीच. त्यामुळे सुलतानाने तोफा रांगेत का लावल्या, हे मंडळात एकट्या मला ठाऊक. बाकीच्यांना आपण शूर होतो एवढंच ठाऊक.

मंडळाचा अध्यक्ष तोर्दाई अँटल, माझा मेहुणा. खऱ्या लढाईला आमच्या मदतीचं जे ट्रान्सिल्व्हानियाचं सैन्य पोहोचलंच नाही, ते फाशावर सहा पडले की चौथ्या फेरीत येतं, असा नियम त्याने घुसवला. आता पुढच्या वर्षी लढाईला पाचशे वर्षं होतील. त्या प्रदर्शनात ते सैन्य दर वेळी यावं, असा त्याचा आग्रह. गेल्या ऑगस्टला आमचं वाजलं.

“दाजी, पाचशे वर्षं हरतोय आपण. एकदा तरी जिंकू द्या की माणसांना!”

“मग बस तू तुर्कांकडे.”

“मी? आई थडग्यातून उठून कानफटात देईल!”

“बरं. येऊ दे तुझं सैन्य. फासाही टाकू नकोस.”

सैन्य आलं, मी हरलो, टोप्या उडाल्या. बाहेर माशांचं कालवण उकळत होतं. मी एवढंच विचारलं, “जिंकलात. आता राजाच्या उजव्या हाताला कोण बसणार?”

घोडदळ हलवणारा बेकरीवाला म्हणाला, “मी.”

अँटल उसळला. “सैन्य माझं आलं म्हणून वाचलास!”

“उशिरा आलास, वर मान मागतोस?”

“तुझे घोडे चिखलात झोपले होते, त्याचं बोल!”

पंधरा मिनिटांत कालवण दोन पातेल्यांत वाटलं गेलं आणि विजयी सैन्य दोन कोपऱ्यांत पाठ फिरवून जेवलं.

माझं म्हणणं हेच आहे आणि ते मी कोणत्याही प्राध्यापकाच्या तोंडावर सांगेन. लढाई निर्णायक ठरते ती त्या दुपारी नव्हे. हरून पुन्हा उभे राहिलेले पुष्कळ आहेत. ती निर्णायक करतात ते मागे उरलेले. आमची लढाई दोनेक तासांत संपली, पळताना राजा ओढ्यात बुडाला. मग सुलतान परत गेला. होय, परत गेला! आणि आम्ही नोव्हेंबरात एक राजा निवडला, डिसेंबरात दुसरा. राजधानी तुर्कांच्या ताब्यात जाऊन राहिली ती पंधरा वर्षांनी. ती पंधरा वर्षं टेबलावर मावत नाहीत, म्हणून ती कोणी खेळत नाही.

सबब अट अशी: येत्या एकोणतीस ऑगस्टला अँटलने सर्वांसमोर तुर्कांच्या बाजूला बसून, मदतीच्या सैन्याशिवाय, जिंकण्यासाठी खेळावं. तसं केल्यास टेबल त्याचं. न केल्यास एमेशेचं. तिने ते कुठेही न्यावं, मंडळाच्या सभागृहात मात्र नाही. पिरोश्का म्हणते, “मरतानाही भांडशील तू.” भांडेन.

सहीपूर्वीची नोंद. साक्षीदार म्हणून अँटल आपणहून आला. वाचून लालबुंद झाला. “आणा ते पेन. सही करतो नि सुटतो.”

मी कायदा सांगितला. “साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. सही केलीस की टेबल गेलं.”

पेन हातात धरून त्याने चौथं कलम पुन्हा वाचलं.

“दाजी, मंगळवारी मरायचा विचार आहे का?”

“नाही.”

“मग ऑगस्टात आपल्या लोकांकडून कोण खेळणार?”

“मी. बावीस वर्षांत वेळ आली नाही.”

“सुलतानाच्या तोफा जवळून बघायच्यात मला,” असं म्हणून त्याने पेनाला टोपण लावलं. त्याची सही इथे नाही, याचं कारण एवढंच. अट बदललेली नाही.

सही: बोरोश वेंडेल
साक्षीदार: नेमेश रोकुश, नावाडी, नदीघाट
साक्षीदार: विदा क्लोतिल्द, शेजारीण, निवृत्त पोस्टमास्तर
मोहाच, १३ नोव्हेंबर २०२५